मेमोरियल डेला कोणतं कंट्री गाणं म्हणावं? आधी पुढच्या रांगेत कोण बसणार ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमधल्या तुमच्या छोट्या गावात मेमोरियल डेला दफनभूमीत कार्यक्रम असतो. तुम्ही गाता हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून आयोजकांनी युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ एक कंट्री गाणं, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या लोकसंगीतातून आलेल्या प्रकारातलं गाणं, म्हणायला सांगितलंय. तुमची तालीम हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची. इंटरनेटवर शोधलंत तर लांबलचक याद्या निघाल्या, आणि त्यातलं कुठलं गाणं त्या जागी शोभेल हे उमगत नाही. 'ऐ मेरे वतन के लोगों'सारखं काही आहे का, असंही विचारलंत.

मी इथे बरीच वर्षं गिटार आणि डोब्रो (आडवी धरून, तारांवर सळई फिरवून वाजवायची गिटार) वाजवतो. आमचा छोटा बँड आहे. मे महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला की माजी सैनिकांच्या हॉलमध्ये नाहीतर दफनभूमीत वाजवायला बोलावणं येतं, आणि गाणी निवडायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. त्या अनुभवावरून सांगतो.

तुम्हाला 'चांगलं गाणं कोणतं' हे हवंय असं वाटतं, पण अडचण तिथे नाही. चांगली गाणी भरपूर आहेत. अडचण अशी की त्या याद्यांमध्ये तीन निरनिराळ्या कामांसाठी लिहिलेली गाणी एकत्र कोंबलेली असतात. काही जिवंत, कर्तव्यावर असलेल्या सैनिकाची. काही देशाभिमानाची किंवा संतापाची. आणि काही गेलेल्या माणसाची. मेमोरियल डे फक्त तिसऱ्या कामासाठी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या मृतांच्या कबरींवर फुलं वाहण्याच्या प्रथेतून हा दिवस आला. 30 मे 1868 रोजी जनरल जॉन लोगन यांच्या आवाहनावरून तो पहिल्यांदा देशभर पाळला गेला, तेव्हा त्याला डेकोरेशन डे म्हणत. मेचा शेवटचा सोमवार हे 1971 पासून ठरलं. हयात माजी सैनिकांचा दिवस वेगळा, 11 नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे. मेमोरियल डेला एखाद्या म्हाताऱ्या सैनिकाला 'तुमच्या सेवेबद्दल आभार' म्हणालात, तर बरेच जण हळू आवाजात सांगतात, 'आजचा दिवस माझा नाही.' गाण्यालाही हाच नियम लावा.

तो लावला की यादी झटक्यात निम्मी होते. टोबी कीथचं 2003 चं 'अमेरिकन सोल्जर' मला मनापासून आवडतं, पण ते घरून कामाला निघालेल्या, बायकापोरांची काळजी असलेल्या जिवंत सैनिकाचं मनोगत आहे. नोव्हेंबरमध्ये जरूर म्हणा. ली ग्रीनवुडचं 1984 चं 'गॉड ब्लेस द यूएसए' सुरू झालं की लोक उभे राहून सोबत गातात. त्यात मृतांचा उल्लेख आहे, पण त्याचा भर अभिमानावर आहे, आणि गर्दीला सोबत गायला लावणारं गाणं शोकाच्या जागी काम करत नाही. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आलेली संतापाची गाणीही बाजूला ठेवा. ती त्या वेळच्या भावनेतून आली आणि खरी आहेत, पण कबरींच्या मधे उभं राहून राग गाणं मला कधीच योग्य वाटलेलं नाही.

आता 'ऐ मेरे वतन के लोगों'कडे येतो, कारण त्या तुलनेतूनच बरंच काही उलगडतं. 1962 च्या युद्धानंतर, 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लताबाईंनी ते म्हटलं. शब्द प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्रांची. त्या गाण्यात कोण कुणाशी बोलतंय ते बघा. सगळ्या देशाच्या वतीने एक आवाज सगळ्या देशाला हाक मारतोय. शहीद तिथे अनेक आहेत आणि अनामिक आहेत. कंट्री गाणं सहसा या वाटेने जातच नाही. ते एका घरात शिरतं. एक आई, एक बायको, एक भाऊ, एक मुलगी, आणि एकच गेलेला माणूस. लढाईचं वर्णन जवळजवळ नसतं. कोण जिंकलं, कोण हरलं, युद्ध बरोबर होतं की चूक, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या प्रकारांत बोलायचं तर हे पोवाड्यापेक्षा जात्यावरच्या ओवीच्या जवळचं आहे. बाई दळता दळता आपल्याच माणसाबद्दल बोलते आणि ऐकणारा उंबऱ्यात थबकतो, तसं.

म्हणून गाणं निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो: या गाण्यात बोलणारा कोण आहे, आणि ते बोलणं आपल्या तोंडी शोभतं का? दुसरा प्रश्न: पुढच्या रांगेत कोण बसणार आहे? बाकीचं सगळं यानंतर.

या गाण्यांत दुःख बहुतेक वेळा तीन वाटांनी घरात येतं. पत्राने, मागे राहिलेल्या वस्तूने, नाहीतर यादीतल्या नावाने.

पत्राची वाट सगळ्यात जुनी. अर्नेस्ट टबचं 'सोल्जर्स लास्ट लेटर' 1944 साली, ऐन महायुद्धात, बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या त्या वेळच्या फोक, म्हणजे लोकसंगीताच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ते टबने ज्याच्यासोबत लिहिलं तो रेड स्टुअर्ट तेव्हा स्वतः सैन्यात होता. पुढे 'टेनेसी वॉल्ट्झ' लिहिणाऱ्या जोडीतला हाच. गाण्यात आईला मुलाचं पत्र येतं. ती वाचत जाते, आणि शेवटी तिच्या लक्षात येतं की पत्र अर्धवट आहे, खाली सही नाही. मुलगा गेला हे तिला कुणी सांगत नाही. रिकाम्या जागेवरून तिला कळतं. ऐंशी वर्षं झाली, तरी या गाण्याची रचना मला आजही थक्क करते. लॉरेटा लिनने 1966 मध्ये 'डिअर अंकल सॅम'मध्ये पत्राची दिशा उलटी केली. तिथे बायको सरकारलाच लिहितेय की तुम्हाला तो हवाय, पण मलाही तो हवाय. शेवटी तार येते, ती लिन गात नाही, नुसती वाचते, आणि मागे बिगुलवर टॅप्स, म्हणजे सैनिकाला शेवटचा निरोप देताना वाजवायची धून, वाजतं. गाणं तिने स्वतः लिहिलं होतं. बाईच्या आवाजासाठी उत्तम आहे, पण ज्या कार्यक्रमात खरं टॅप्स वाजणार आहे तिथे मी ते घेत नाही. बिगुलचे ते 24 स्वर त्या सकाळी एकदाच वाजायला हवेत.

त्याच वाटेवरचं अलीकडचं गाणं म्हणजे टिम मॅग्रॉचं 'इफ यू आर रीडिंग धिस'. वॉरन बंधूंसोबत त्याने ते लिहिलं आणि मे 2007 मध्ये अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकच्या पुरस्कार सोहळ्यात पहिल्यांदा म्हटलं. मंचावर त्याच्या मागे युद्धात माणूस गमावलेल्या घरांतले लोक उभे होते. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण बाजारात यायच्या आत रेडिओवाल्यांनी त्या कार्यक्रमातलंच गाणं लावायला सुरुवात केली. हे पत्र सैनिकाने आधीच लिहून ठेवलेलं आहे, मी परत आलो नाही तर उघडा म्हणून. म्हणजे इथे बोलणारा मृत माणूस आहे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.

कारण मृताच्या तोंडून बोलणाऱ्या गाण्यात धोका आहे. ट्रेस अ‍ॅडकिन्सचं 2005 चं 'आर्लिंग्टन' याचं उदाहरण. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलेला सैनिक त्यात स्वतः बोलतो, मी पवित्र भूमीत आहे, चांगल्या सोबतीत आहे, असं सांगतो. अनेकांना त्यातून धीर मिळाला. पण ज्यांची माणसं तेव्हा इराकमध्ये होती अशा काही घरांना ते सहन होईना. ते कळल्यावर अ‍ॅडकिन्सने रेडिओवरचा त्याचा प्रचार थांबवायला सांगितलं. गाणं लोकप्रियतेच्या यादीत वर चढत असताना थांबवणं सोपं नसतं, आणि मला त्या निर्णयाबद्दल फार आदर आहे. माझा नियम त्यावरूनच पक्का झाला: ज्या गाण्यात मृत माणूस 'मी' म्हणून बोलतो, ते घरच्यांनी मागितलं तरच वाजवायचं. 'मी बरा आहे, माझी काळजी करू नका' हे त्यांच्या मुलाच्या तोंडी घालायचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही.

वस्तूची वाट मला सगळ्यात जवळची, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. ली ब्राइसचं 'आय ड्राइव्ह युअर ट्रक' तुम्ही ऐकलं असेलच. 2013 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. त्यामागची हकीकत खरी आहे. मॅसॅच्युसेट्सचा जॅरेड मॉन्टी हा सैनिक 21 जून 2006 रोजी अफगाणिस्तानात नुरिस्तान प्रांतात मारला गेला. उघड्यावर जखमी पडलेल्या सहकाऱ्याला आणायला तो गोळीबारात पुन्हा पुन्हा धावला, तिसऱ्या खेपेला पडला. 2009 मध्ये त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळाला. त्याचे वडील त्याचा ट्रक विकायला तयार नव्हते, तो स्वतः चालवायचे. का, ते त्यांनी रेडिओवरच्या एका मुलाखतीत सांगितलं. कॉनी हॅरिंग्टन या गीतकार बाईंनी गाडी चालवताना ती मुलाखत ऐकली आणि जेसी अलेक्झांडर व जिमी यीअरी यांच्यासोबत गाणं लिहिलं.

आता त्या गाण्यात काय काय आहे ते बघा. अ‍ॅशट्रेमध्ये 89 सेंटची चिल्लर. पायाशी लोळणारी गेटोरेड या पेयाची अर्धी बाटली. डॅशबोर्डवर मळकी टोपी. आरशाला लटकलेले सैनिकाचे बिल्ले. पहिलं कडवं म्हणजे ट्रकमधल्या सामानाची नुसती यादी आहे. 'शूर', 'बलिदान', 'वीर' यांतला एकही शब्द नाही. कुठलं युद्ध, कुठला देश, काहीही सांगितलेलं नाही. तो सैनिक होता हे ऐकणारा त्या बिल्ल्यांवरून आणि घडी करून ठेवलेल्या लष्कराच्या टी-शर्टवरून ओळखतो. बोलणारा कोण, हेही उघड सांगितलेलं नाही. आई त्याला कबरीबद्दल विचारते, त्यावरून मी तरी भाऊ समजतो. पुढे तो काय करतो? काचा खाली करतो, गावातल्या आडरस्त्यांवर ट्रक भरधाव सोडतो, एखादं शेत गाठून चाकांनी माती उडवतो. रडण्याचं हे एक रूप आहे, आणि टेक्सासच्या खेड्यात राहणाऱ्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

पण याच गाण्यात एक ओळ आहे तिची जाणीव ठेवा. आई विचारते, कबरीवर जाऊन आलास का? त्यावर तो म्हणतो की तो झेंडा आणि तो दगड, तिथे तू मला जाणवतच नाहीस. मेमोरियल डेच्या आधी स्वयंसेवक आणि स्काउटची मुलं प्रत्येक कबरीपाशी छोटा झेंडा रोवतात. आर्लिंग्टनमध्ये हे काम थर्ड इन्फंट्री रेजिमेंटचे सैनिक करतात, 1948 पासून. तिथे अडीच लाखांहून जास्त दगड आहेत, आणि प्रत्येक झेंडा दगडापासून बरोबर एक बूट अंतरावर असतो. पाऊल लावून मोजतात. तुमच्या गावातही कुणीतरी शनिवारचं ऊन खात ते काम केलेलं असेल. त्या झेंड्यांच्या आणि दगडांच्या मधे उभं राहून ही ओळ म्हणायची की नाही? घरच्या माणसांना विचाराल तर अनेक जण सांगतील की हीच ओळ सगळ्यात खरी आहे. तरीही मी हे गाणं कबरीपाशी घेत नाही. कार्यक्रमानंतर हॉलमध्ये लोक जेवायला बसतात, तिथे घेतो. तिथे ते कुणालाच खटकत नाही, आणि ऐकणाऱ्यांना आपापल्या घरातल्या वस्तू आठवतात. डेव्हिड बॉलचं 2001 चं 'रायडिंग विथ प्रायव्हेट मलोन'ही तिथेच शोभतं. जुन्या गाडीत एका गेलेल्या सैनिकाची चिठ्ठी सापडते अशी त्याची गोष्ट आहे, आणि शेवट जरा भुताखेताकडे झुकतो. मुलांना फार आवडतं.

राहिली नावाची वाट. तुमच्यासाठी मी इथेच थांबेन.

या वाटेवर दोन गाणी डोळ्यांपुढे येतात. पहिलं 'ट्रॅव्हलिन सोल्जर'. ब्रूस रॉबिसन या टेक्सासच्या गीतकाराचं, द चिक्स या तिघींनी 2002 च्या 'होम' या अल्बममध्ये गाजवलेलं. नुकताच अठरा पूर्ण झालेला मुलगा बसची वाट बघत एका कॅफेत बसतो, केसांत रिबन बांधलेल्या मुलीशी बोलतो, तिला पत्र लिहू का विचारतो, कारण लिहायला त्याचं दुसरं कुणी नाही. पत्रं व्हिएतनामहून येतात आणि मग थांबतात. शेवटी शुक्रवारी रात्री शाळेच्या फुटबॉलच्या सामन्याआधी गावातल्या मृतांची यादी वाचली जाते. त्यात त्याचं नाव असतं. गर्दीतल्या कुणाला त्याचं फारसं काही वाटत नाही, आणि बँडमध्ये पिकोलो ही छोटी बासरी वाजवणारी ती मुलगी प्रेक्षकांच्या स्टँडखाली एकटी रडत असते. बाईच्या आवाजाला हे इतकं बसतं की तुम्हाला पहिल्याच तालमीत सापडेल. अडचण गाण्यात नाही, इतिहासात आहे. 10 मार्च 2003 रोजी लंडनच्या कार्यक्रमात या गटाच्या नॅटली मेन्सने इराकयुद्धाच्या तोंडावर अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध जाहीर बोललं. त्याच सुमारास हे गाणं कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. कंट्री रेडिओने त्यांची गाणी वाजवणं बंद केलं आणि ते बघता बघता खाली आलं. काही गावांत हे लोक कधीच विसरून गेले आहेत, काही गावांत अजून विसरलेले नाहीत. तुमचं गाव कुठल्या बाजूचं, हे मी इथून सांगू शकत नाही. आयोजकांमधल्या एखाद्या जुन्या माणसाला सरळ विचारा. माझं स्वतःचं मत असं की युद्धात मेलेल्या मुलावर इतकी हळवी गाणी फार थोडी झाली आणि ते रेडिओवरून जायला नको होतं. पण स्मरणाच्या सकाळी लोकांनी त्या मुलाचा विचार करायला हवा, जुन्या भांडणाचा नाही.

दुसरं गाणं, आणि माझी शिफारस: स्टॅटलर ब्रदर्सचं 1989 चं 'मोअर दॅन अ नेम ऑन अ वॉल'. जिमी फॉर्च्यून आणि जॉन राइमेल यांनी लिहिलेलं. वॉशिंग्टनमधली व्हिएतनाम स्मारकाची भिंत तुम्ही फोटोत पाहिली असेल. 1982 साली उभी राहिली, रचना माया लिन यांची. काळा, गुळगुळीत ग्रॅनाइट, त्यावर 58,000 हून जास्त नावं, हुद्द्याशिवाय, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने कोरलेली. नाव वाचताना दगडात आपलाच चेहरा दिसतो. लोक नावावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि तो ठसा घरी नेतात. गाण्यात एक बाई हातात फुलं घेऊन भिंतीपाशी येते, कागद-पेन काढते, आणि देवाशी बोलू लागते. माझा मुलगा या भिंतीवरच्या नावापेक्षा जास्त आहे, हे तू त्याला सांगशील का, असं विचारते. तो लहानपणी लुटुपुटीची लढाई खेळायचा ते आठवते.

हेच गाणं का? कारण यात गाणारा लांब उभा आहे. पहिल्याच ओळीत तो सांगतो की मी तिला दुरून पाहिलं. तुम्ही या देशात बाहेरून आलात, तुमच्या घरातलं कुणी या युद्धांत गेलेलं नाही, आणि पुढे बसलेल्यांना ते माहीत आहे. 'माझा भाऊ गेला' किंवा 'मीच तो मेलेला सैनिक' असं म्हणण्यापेक्षा, 'मी एका आईला पाहिलं, ती असं म्हणत होती' हे तुमच्या तोंडी पूर्ण खरं वाटेल. दुःख तिचं राहतं, तुम्ही फक्त ते नीट पोचवता. शिवाय ते व्हिएतनामचं आहे, आणि अशा कार्यक्रमांना त्या पिढीचे लोक अजून मोठ्या संख्येने येतात. मुळात पुरुषांच्या चौकडीचं असलं तरी मुख्य आवाज फॉर्च्यूनचा, उंच टेनर, म्हणजे पुरुषी आवाजातल्या वरच्या पट्टीतला, आहे. त्यामुळे बाईच्या पट्टीत आणताना चाल बिघडत नाही.

पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती विचारल्याशिवाय काहीही पक्कं करू नका. गोल्ड स्टार कुटुंब, म्हणजे सेवेत असताना माणूस गमावलेलं घर, पुढच्या रांगेत असेल का? असेल, तर आयोजकांमार्फत त्यांना गाण्याचं नाव आणि शब्द आधी पाठवा. मी हे दरवर्षी करतो. एकदा एका वडिलांनी निरोप दिला की गाणं चालेल, पण आईचं कडवं गाळा, ती सोबत असणार आहे. आम्ही ते कडवं गिटारवर वाजवलं, शब्द म्हटले नाहीत. तुम्हाला असा निरोप आला तर कारण विचारू नका, फक्त हो म्हणा. 'मोअर दॅन अ नेम' आईचंच गाणं आहे, त्यामुळे ज्या आईचा मुलगा अलीकडेच गेलाय तिच्यासमोर ते तिच्या संमतीशिवाय नको. तशी वेळ आली तर शब्दांचं गाणं सोडून एखादं जुनं भजन डोब्रोवर किंवा फिडलवर (व्हायोलिनवर) वाजवलेलं बरं.

तुमच्या यादीत जॉनी कॅशचं 1964 चं 'द बॅलड ऑफ आयरा हेज' होतं, त्याबद्दल दोन शब्द. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा रोवणाऱ्या सहा जणांमधला हा अ‍ॅरिझोनाचा पीमा आदिवासी. युद्धातून परत आला आणि 1955 साली, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, दारू आणि उपेक्षेत गेला. पीटर ला फार्जने लिहिलेलं हे गाणं रेडिओ केंद्रं वाजवेनात, तेव्हा कॅशने बिलबोर्डमध्ये स्वतःच्या पैशाने पानभर जाहिरात देऊन त्यांना जाब विचारला. गाणं थोर आहे. पण ते देशालाच प्रश्न विचारतं, आणि तो प्रश्न पेलायला चार मिनिटं आणि अनोळखी गायिका पुरत नाही. ज्यांना ऐकायचंय त्यांच्या मैफलीत म्हणा.

आता गाण्याबद्दल. तुमची तालीम इथे उपयोगी आहे, पण थोडी आवरायला लागेल.

पट्टी ठरवताना काळी चार की काळी पाच हा विचार आधी सोडा. गाण्याची पहिली ओळ नुसती बोला, शेजारणीला सांगता तशी. तुमचा बोलण्याचा आवाज जिथे असतो त्याच्या आसपास कडवं पडलं पाहिजे. ध्रुवपद वर जाईल, जाऊ दे. शास्त्रीय गाणाऱ्यांना पट्टी उंच घ्यायची सवय असते, आणि मग कडव्यातले शब्द गायल्यासारखे वाटतात, सांगितल्यासारखे वाटत नाहीत. इथे गोष्ट पोचली नाही तर सूर कितीही सच्चा लागो, हाती काही लागत नाही.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, ठेवा. कंट्रीत खालून स्वराला भिडणं सर्रास असतं आणि पेडल स्टील गिटारचा तर सगळा जीवच मींडेत आहे. मुरकी, खटका असल्या झटपट हरकती पूर्ण काढून टाका. ओळीच्या शेवटच्या शब्दावर स्वर लांबवून सजवण्याचा मोह होईल, तो टाळा, शब्द संपला की थांबा. टेक्सासचे उच्चार नकलू नका. तुमच्या नेहमीच्या इंग्रजीत स्पष्ट म्हणा. लोक तुमचे शब्द ऐकायला आलेत आणि आपल्या गावातली बाई आपल्या बोलीत म्हणतेय हे त्यांना आवडतं.

लय धरून ठेवा. शोकाचं गाणं म्हटलं की नवा गायक दर कडव्याला थोडा थोडा संथ होत जातो, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं जमिनीवर बसतं. गिटारवादकाला सांगा की अंगठ्याने बेसची तार एकसारखी चालू ठेव, मी मागे राहिले तरी तू राहू नकोस. ड्रम नको. एक गिटार आणि जमलं तर एक फिडल किंवा डोब्रो, एवढं पुरे. आणखी एक साधी गोष्ट, टेक्सासच्या मेमधल्या उन्हात गिटार दहा मिनिटांत बेसूर होते. तुमची पाळी येईपर्यंत ती सावलीत ठेवायला सांगा आणि माइकवर वाऱ्यासाठी फोम लावून घ्या.

कार्यक्रमात गाणं कुठे ठेवायचं हे आयोजक तुम्हाला विचारतील असं नाही, पण तुम्ही विचारा. साधारण क्रम असा असतो: झेंडे आणणं, राष्ट्रगीत, प्रार्थना, भाषण, पुष्पचक्र, नावांचं वाचन, बंदुकीच्या तीन फैरी, आणि शेवटी टॅप्स. तुमचं गाणं भाषणानंतर आणि नावांच्या आधी असावं. गाण्यात एक नाव ऐकलेल्या माणसाला मग गावातली खरी नावं ऐकू येतात. टॅप्सनंतर काहीही नको, गाणं तर मुळीच नको. तुमच्या गाण्यानंतर टाळ्या वाजणार नाहीत. काही चुकलं असं समजू नका, तिथे वाजवत नाहीत. मान झुकवा आणि बाजूला व्हा, 'थँक यू' म्हणायची गरज नाही. सुरुवातीला गाण्याची ओळख करून द्यायची असेल तर एक वाक्य बास: हे व्हिएतनामच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका आईचं गाणं आहे. स्वतःबद्दल, भारताबद्दल त्या वेळी काही नको. जेवताना लोक आपणहून विचारतील.

हॉलमध्ये जेवण असेल तर कोपऱ्यात एक छोटं टेबल मांडलेलं दिसेल. पांढरं कापड, एक लाल गुलाब, ताटलीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, रिकामी खुर्ची. न परतलेल्यांसाठी मांडलेलं असतं. तुमचा माइक किंवा गिटारची पेटी त्या टेबलाजवळ ठेवू नका आणि त्या खुर्चीवर कुणाला बसू देऊ नका, मुलांनाही आधी सांगून ठेवा. 'आय ड्राइव्ह युअर ट्रक' तुम्हाला फारच आवडलं असेल तर ते इथे, जेवणं उरकत आल्यावर, दुसरं गाणं म्हणून म्हणता येईल.

गाणं जाहीर म्हणायच्या परवान्याचं काम सहसा जागेचे मालक किंवा नगरपालिका बघते, तरी एकदा विचारून घ्या. कार्यक्रमाचं चित्रीकरण कुणी इंटरनेटवर टाकणार असेल तर ती वेगळी परवानगी आहे. शिवाय पुढच्या रांगेतल्या माणसांचे रडतानाचे चेहरे त्यात येऊ नयेत, एवढं कॅमेरा धरणाऱ्याला आधीच बजावा.

आयोजकांचं उत्तर आलं की इथेच लिहा. पुढच्या रांगेत कोण आहे, गिटारवादक मिळालाय का, आणि पहिली ओळ बोलताना तुमचा आवाज कुठल्या सुरावर पडतो, एवढं कळलं की कापो, म्हणजे गिटारचा सूर चढवायचा चिमटा, कितव्या पट्टीवर लावायचा आणि कुठल्या कॉर्डनी वाजवायचं ते लिहून देतो. दोन कडव्यांच्या मधे वाजवायचा डोब्रोचा छोटा तुकडाही माझ्याकडे आहे, तो ध्वनिमुद्रित करून पाठवतो.